बरड माळावरची शिराझ आणि तिची लाल वाईन

बरडवाट (कोलशेत, ठाणे)
७ डिसेंबर, रात्री १०.४२

मंडळी, द्राक्षांच्या जुन्या धाग्यावर मी ओघात लिहून गेलो होतो की सासऱ्यांच्या दिंडोरी तालुक्यातल्या माळावर आमची शिराझची, म्हणजे लाल वाईनच्या द्राक्षांची, बाग आहे. त्यावर इतके व्यनि (खासगी निरोप) आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढतो. आत्ताच बागेतून परत आलोय, बुटाला अजून मुरूम चिकटलेला आहे, तेव्हा आठवतंय तसं लिहितो.

सासऱ्यांचं रान दोन तुकड्यांत आहे. ओढ्याकडचं काळं, कसदार. तिथे थॉमसनची बाग आहे, खायच्या द्राक्षांची. वरचा दीड एकर बरड. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली फुटलेला काळा दगड. तिथे कुळीथ किंवा बाजरी व्हायची, तीही पाऊस मनासारखा झाला तर. २०१५ साली मी तिथे शिराझ लावायचं म्हटलं तेव्हा गावात कुणालाच पटलं नाही. काळं रान सोडून माळावर द्राक्षं कोण लावतो? सासरे मात्र म्हणाले, "कुळथाचं नुकसान किती होणार आहे? लावा."

जेसीबीने अडीच फुटांचे चर काढले. वरची माती बाजूला ठेवून शेणखतात मिसळली आणि चरात परत भरली. ओळी उत्तर-दक्षिण, अंतर आठ बाय चार फूट, म्हणजे एकरी साधारण १,३६० वेली. मुळासाठी ११० आर जातीचा खुंट, त्यावर शिराझचं कलम.

इथे पहिली चूक झाली. चरातून निघालेला सगळा दगड मी ट्रॉल्या भरभरून बांधावर नेऊन टाकला. माळ कसा स्वच्छ, गुळगुळीत दिसायला लागला. पहिल्याच पावसाळ्यात उताराची माती ओढ्याकडे गेली आणि उन्हाळ्यात उरलेली भाजून निघाली. मग त्याच ट्रॉल्या पुन्हा भरून मुठीएवढा दगड ओळींमध्ये पसरला. दगड वर असला की पावसाचा थेंब मातीवर आपटत नाही, आणि खालचा ओलावा उन्हाने लगेच उडत नाही. सासऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. थॉमसनच्या बागेत जे बघितलं तेच इथे केलं. खत भरपूर, ठिबक रोज. वेल माजली, काडी बोटाएवढी जाड, पानांचं जंगल. २०१८च्या फेब्रुवारीत एकरी आठ टन माल निघाला आणि आम्ही खूश. एका वायनरीचा माणूस आला, चार-पाच वेलींचे मणी चुरगाळून रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २०. मणी फोडून बोटावर चोळला तर रंग फिकट जांभळा. बिया हिरवट. त्याने शांतपणे सांगितलं, हे लालसाठी नाही घेता येणार. शेवटी निम्म्या भावात रोझेसाठी, म्हणजे गुलाबी वाईनसाठी, गेला. त्या रात्री कसारा घाट उतरताना मी बायकोशी एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर शिकलो ते एवढंच की बरड जमीन वेलीला आवरते, पण आपण वरून पाणी आणि नत्र ओतत राहिलो तर तिचा काही उपयोग नाही. आता असं करतो. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, फूट निघेपर्यंत आणि फुलोऱ्यात पाणी व्यवस्थित. मणी सेट झाले की कमी. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे हिरव्या घडात पहिले जांभळे मणी दिसले, की आणखी कमी, फक्त पानं पिवळी पडून गळणार नाहीत इतकंच. काळ्या रानात हे करताच येत नाही, कारण ती माती आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. मुरमात मी झडप बंद केली की दोन-तीन दिवसांत वेलीला कळतं. शेंड्याची वाढ थांबते, आणि वेल सगळी ताकद घडात घालते. मणी वाटाण्याएवढा राहतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाईनचा रंग, तुरटपणा, बराचसा वास हे सगळं सालीत असतं. गर तर शिराझचाही पांढराच.

माल आता एकरी चार टन. म्हणजे वेलीमागे तीन किलोच्या आत. जास्तीचे घड हिरवे असताना कापून खाली टाकतो. पहिल्या वर्षी ते टाकताना सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सहा टनांतला पाच टन करारावर जातो. एक टन मी ठेवतो. जवळच्या एका छोट्या परवानाधारक वायनरीत त्याची वाईन वेगळ्या टाकीत करून मिळते. तिथे मी दर वर्षी पंधरा दिवस रजा काढून राबतो. त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. एक प्रश्न मात्र आत्ताच विचारतो, कुणाला माहीत असेल तर: पाणी-खत कमी केल्यापासून टाकी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास मारते. माजलेल्या बागेच्या मालाला हा त्रास नव्हता. हे कशामुळे?

वाशी_गाळा (वाशी)
७ डिसेंबर, रात्री ११.२०

फार छान लिहिलंय दादा. आमचा फळबाजारात गाळा आहे, जानेवारी ते एप्रिल डोळ्यांसमोर द्राक्षंच असतात. पण आमच्याकडे सगळं उलटं: मणी जितका मोठा, साल जितकी पातळ, बी नसलेलं, तितका भाव. एकदा एका ओळखीच्या बागायतदाराने वाईनचे दोन क्रेट चवीला पाठवले होते. गिऱ्हाईक म्हणालं, ही तर नुसती बी आणि साल आहे. खायला गोड मात्र भयंकर.

बरडवाट
७ डिसेंबर, रात्री ११.३१

बरोबर. खायचं द्राक्ष १६-१८ ब्रिक्सला काढतात, आम्ही २४ पर्यंत थांबतो. त्यातून साधारण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं.

पाम_बीच (नेरूळ)
८ डिसेंबर, सकाळी ९.०५

वाचताना थेट फ्रान्समधल्या अविन्योंला पोचले. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे दोन वर्षं होतो. तिथून जवळच शातोनफ-द्यु-पाप हे वाईनचं गाव आहे. चौदाव्या शतकात पोप रोमऐवजी अविन्योंला राहायचे, त्यांच्या उन्हाळी किल्ल्यावरून गावाचं नाव. तिथल्या काही मळ्यांत माती दिसतच नाही! नारळाएवढे, बटाट्याएवढे गुळगुळीत गोटे, आणि त्यांतून ग्रेनाश जातीच्या द्राक्षाच्या बुटक्या वेली वर आलेल्या. तार नाही, मांडव नाही. प्रत्येक वेल एखाद्या झुडपासारखी एकटी उभी. मिस्त्राल नावाचा वारा सुटला की माणूस वाकतो, पण त्या वेली हलत नाहीत. संध्याकाळी सूर्य गेल्यावर गोट्यावर तळवा ठेवला तर तवा उतरवून ठेवल्यासारखा कोमट लागायचा. तिथले लोक सांगायचे की हीच ऊब रात्री घड पिकवते.

तुमच्याकडे दगडाच्या उबेचा फायदा होतो का? आणि त्या वाईनमध्ये दगडाची चव लागते म्हणतात ते?

बरडवाट
८ डिसेंबर, रात्री ९.५०

ताई, ऊब आपल्याला नकोच आहे. तिथे काढणी सप्टेंबरात, दिवस थंडीकडे कललेले. आपली काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवस उन्हाळ्याकडे निघालेले. शेवटच्या पंधरवड्यात दुपारी पारा ३३-३४ वर जातो. म्हणून आमचे घड जमिनीपासून तीन फूट वर तारेवर आहेत, आणि पश्चिमेकडची पानं मी काढत नाही. पूर्वेकडची काढतो, म्हणजे सकाळचं ऊन आणि वारा लागतो, भुरीची बुरशी कमी येते. आपल्याला थंडी देते ती डिसेंबर-जानेवारीची रात्र. निफाडला तर पारा एक आकड्यात येतो.

आपल्या दगडाचं खरं काम पावसाळ्यात. फ्रान्समधली वेल चार महिने पावसात उभी नसते. आमची असते. काळ्या रानात जुलै-ऑगस्टमध्ये मुळाशी पाणी साचून पांढरी मुळी कुजते. माळावर धो धो पाऊस थांबल्यावर तासाभरात चप्पल घालून ओळीत फिरता येतं.

शिलाखंड (खारघर)
९ डिसेंबर, सकाळी ७.१५

पाम_बीच यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे हा विषय जवळचा.

दगडाची चव वेलीतून वाईनमध्ये येत नाही. वेलीचं मूळ दगड चोखत नाही. पाण्यात विरघळलेले पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे कण ते घेतं, आणि वाईनमध्ये ते इतके थोडे असतात की जिभेला त्यांवरून गारगोटी की बेसाल्ट हे ओळखता येणं शक्य नाही. 'खनिज चव' हा शब्द चाखणारे वापरतात, तो एक उपमेचा शब्द आहे असं समजावं.

पुरावा हवा असेल तर जगातल्या नावाजलेल्या दगडी मळ्यांची यादी बघा, दगड सगळीकडे वेगळा आहे. शातोनफचे गोटे बहुतेक क्वार्टझाइट या कठीण दगडाचे, आल्प्समधून ऱ्होन नदीने लोळवत आणलेले. बोर्डोजवळच्या मेदोकला नदीची वाळूमिश्रित खडी, आणि तिथे कॅबर्ने सॉव्हिन्यॉन ही द्राक्षाची जात. स्पेनच्या प्रियोरातला पाटीचा दगड, शाळेतली पाटी फुटावी तसे चकाकणारे पापुद्रे. न्यूझीलंडच्या हॉक्स बे भागात एक नदी १८६७च्या पुरात पात्र बदलून गेली आणि मागे नुसती वाळू-खडी राहिली. शंभरहून जास्त वर्षं ती जमीन गुरं चारायलाही निरुपयोगी म्हणून पडून होती, आज तिथली सिरा, म्हणजे आपली शिराझच, जगभर जाते. आणि अमेरिकेत ओरेगनमध्ये मिल्टन-फ्रीवॉटरजवळ एक मळ्यांचा पट्टा आहे, २०१५ साली त्याला स्वतंत्र मान्यता मिळाली. तिथले गोटे बेसाल्टचे आहेत. आपल्या सह्याद्रीचा जो काळा दगड, त्याच जातीचे. आणि तिथेही सिराच गाजते.

या सगळ्यांत समान काय? दगडाची जात नाही. पाणी थांबत नाही आणि माती उपाशी आहे, एवढंच.

पाम_बीच
९ डिसेंबर, सकाळी १०.४०

सर, मनापासून आभार. मला एक आठवलं. शातोनफमधला सगळ्यांत दबदब्याचा मळा रायास, आणि तिथे गोटे नाहीतच, वाळू आहे! तेव्हा मला ते कोडं वाटलं होतं. आता लक्षात आलं, वाळूतूनही पाणी थांबत नाही.

जिवाणूमित्र (ऐरोली)
९ डिसेंबर, रात्री ११.०२

बरडवाट, तुमच्या सडक्या अंड्याच्या वासाचं उत्तर तुमच्याच लेखात आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली, किण्वनाशी, म्हणजे आंबवण्याशी, रोजचा संबंध.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. यीस्टला साखरेबरोबर नत्रही लागतं. मुरमाड जमीन, वरून खत बंद, म्हणजे तुमच्या रसात साखर भरपूर आणि नत्र कमी. उपाशी यीस्ट गंधकावरची प्रक्रिया अर्धवट सोडतं आणि तो वायू बाहेर टाकतं. याच उपासमारीमुळे कधी कधी किण्वन मध्येच थांबतं आणि वाईन गोडसर राहते, मग तिच्यात नको ते जिवाणू वाढतात. ज्या गुणासाठी तुम्ही बरड जमीन निवडली, तोच गुण टाकीत अडचण करतो.

उपाय: टाकी भरायच्या दिवशी रसाचं यीस्टला वापरता येणारं नत्र मोजून घ्या. लिटरला १४० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर डायअमोनियम फॉस्फेट आणि यीस्टचं पोषक द्रव्य घाला. सगळं एकदम नको. एक भाग यीस्ट जोर धरल्यावर, दुसरा साधारण एक तृतीयांश साखर संपल्यावर. त्यानंतर घातलेलं नत्र यीस्ट फारसं घेत नाही.

आणि दुसरं कारण तपासा. भुरीसाठी गंधक शेवटचं कधी फवारता? काढणीच्या जवळ फवारलं असेल तर ते सालीवर राहून टाकीत जातं आणि हाच वास येतो.

बरडवाट
१० डिसेंबर, सकाळी ६.३०

ताई, रात्री वाचलं आणि उठून फवारणीची वही काढली. गेल्या वर्षी काढणीच्या अठरा दिवस आधी गंधक मारलंय. म्हणजे दोन्ही कारणं लागू. या वर्षी दीड महिना आधीच बंद करतो, आणि नत्राची तपासणी वायनरीतल्या माणसाकडून करून घेतोच. सात वर्षं हा वास टाकीतला रस खालीवर करून, हवा देऊन घालवत होतो, कारण कुणीच सांगितलं नव्हतं.

निफाडचा_भाचा (घणसोली)
१० डिसेंबर, दुपारी १.१५

दाजी, एक सांगू का. मामाची पंचवीस वर्षांची बाग आहे. बरड रानात पाणी तोडताना फार ताणू नका. आमच्याकडं एका वर्षी इतकं ताणलं की मणी सुकून मनुक्यासारखे झाले, ब्रिक्स २६ दाखवतंय पण बी हिरवंच. साखर वाढली म्हणजे माल पिकला असं नसतं. मणी चावून बघायचा. बी तपकिरी होऊन कुडुम वाजली पाहिजे आणि साल चावल्यावर जीभ खरखरीत नाही व्हायला पाहिजे. मीटर नंतर.

बरडवाट
१० डिसेंबर, रात्री १०.०५

लाख बोललात. मी काढणीआधी आठ दिवस रोज सकाळी ओळीत फिरून शंभर मणी चावतो.

आता टाकीचं सांगतो. काढणी पहाटे चारला, डोक्याला बॅटरी बांधून. नऊच्या आत संपवायची, कारण गरम घड क्रेटमध्ये चिरडले की तिथेच आंबायला लागतात. वायनरीत देठ यंत्राने वेगळे होतात, मणी नुसते फुटतात, रस-साल-बी सगळं एकत्र टाकीत जातं. आपल्या हवेत आम्लता लवकर उतरते, म्हणून टार्टारिक आम्ल घालून पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ३.६ च्या आसपास आणतो. मग यीस्ट.

दुसऱ्या दिवशी साली वर येऊन जाड टोपी बनते. ती दिवसातून तीनदा लाकडी दट्ट्याने खाली दाबायची. हे काम मला फार आवडतं. टोपी दाबली की खालचा जांभळा रस उसळून वर येतो, हात कोपरापर्यंत रंगतात आणि आठवडाभर रंग जात नाही. ऑफिसात लोक विचारतात. तापमान २८ अंशांच्या वर जाऊ देत नाही. दहा-बारा दिवसांत साखर संपते, मग वाईन काढून घेऊन सालींचा चोथा हलक्या दाबाने पिळायचा. जोरात पिळलं तर बियांचा कडवटपणा उतरतो.

त्यानंतर दुसरं, संथ किण्वन होतं. त्यात जिवाणू कैरीसारखं आंबट मॅलिक आम्ल खाऊन त्याचं सौम्य लॅक्टिक करतात. टनातून साडेसहाशे लिटर निघते. दोन ओकच्या पिंपांत २२५-२२५ लिटर, बाकी स्टीलच्या टाकीत, पिंपातली उडून कमी होते ती भरून काढायला. वर्षभराने बाटलीत.

जिवाणूमित्र
१० डिसेंबर, रात्री १०.३०

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, कारण हे कुणी सांगत नाही: एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी आणि बंद खोलीत साचतो, वास नाही, रंग नाही. रिकामी झालेली टाकी धुवायला आत उतरून माणसं गेलेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलेही. आधी पंखा, मग तपासणी, आणि बाहेर एक माणूस उभा. कृपया.

बरणीतली_गोष्ट (उथळसर, ठाणे)
११ डिसेंबर, दुपारी ४.२०

आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मराठी ख्रिस्ती. माझी नानी डिसेंबरच्या लग्नांसाठी काळी द्राक्षं, साखर आणि मूठभर गहू घालून चिनी मातीच्या बरणीत वाईन करायची. तोंडाला मलमलचं फडकं. आम्हा मुलांना बरणीला कान लावून ऐकायला द्यायची, आतून बुडबुड ऐकू यायची. ती वाईन गोड असायची. तुमची शिराझ कशी लागते? आणि आज घरी करायची तर काय लागेल?

बरडवाट
११ डिसेंबर, रात्री ९.४५

बरणीला कान लावणं वाचून गलबलून आलं. टाकीलाही कान लावला की तसाच आवाज येतो.

आमची गोड नाही, साखर शून्याजवळ असते. पहिल्यांदा जांभळासारखी, मग काळी मिरी, आणि शेवटी हिरड्यांना धरणारा तुरटपणा. माळावरच्या मालाला मिरी जास्त लागते असं मला वाटतं.

घरी करण्याबद्दल: १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, वाईन धरून. म्हणूनच मी परवाना असलेल्या जागेतच करतो. शिकायचंच असेल तर काढणीच्या दिवसांत वायनऱ्यांना हात हवे असतात, तिथे जा.

जिवाणूमित्र
११ डिसेंबर, रात्री १०.१०

मिरीबद्दल: तो वास रोटंडोन नावाच्या रेणूचा. काळ्या मिरीत असतो तोच रेणू शिराझच्या सालीत असतो. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये तो दाखवून दिला. गारव्यात पिकलेल्या घडांत तो जास्त सापडतो. तेव्हा मिरीचं श्रेय दगडापेक्षा तुमच्या जानेवारीच्या रात्रींना द्या.

मुरबाडकर_७१ (कळवा)
१३ डिसेंबर, सकाळी ८.००

बरडवाट, आमची मुरबाडला वडिलोपार्जित दोन एकर खडकाळ जमीन आहे. निवृत्त झालो, हात रिकामे आहेत. धागा वाचल्यापासून झोप नाही. तिथे शिराझ होईल का? खरं सांगा, मन राखायला सांगू नका.

बरडवाट
१३ डिसेंबर, रात्री ८.३०

काका, खरंच सांगतो. मुरबाडला घाटाखालचा पाऊस. आमच्याकडे जो पाऊस पावसाळाभरात होतो तो तुमच्याकडे महिन्यातही होऊ शकतो, हवाही दमट. केवडा आणि करपा हे रोग हटणार नाहीत. तरी आधी जमीन बघा. खडकाळ म्हणजे नेमकी कशी? फुटका दगड असेल तर मूळ भेगांतून खाली जातं. अखंड कातळ असेल तर वीतभर मातीखाली ताटच ठेवल्यासारखं आहे.

तीन फूट खोल, दीड फूट रुंद खड्डा घ्या. एकदा पाण्याने भरून मुरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ लावा. आमच्या माळावर दीड तासात तळ दिसला होता. खड्डा एकच नको, तीन-चार जागी.

मुरबाडकर_७१
२६ डिसेंबर, संध्याकाळी ७.४०

चार खड्डे घेतले. मुलगा आणि पुतण्या मदतीला आले होते. दोन ठिकाणी दोन फुटांवरच पहार वाजली, खाली सलग कातळ. उरलेल्या दोनमध्ये तीन फूट उतरलो. काल सकाळी दहाला दुसऱ्यांदा पाणी भरलं. आज दुपारी निघालो तेव्हाही गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी होतं, वर माश्या घोंघावत होत्या.

द्राक्षं लावणार नाही. पुतण्या म्हणतो, कातळ नाही त्या कडेला करवंद आणि काजू लावू, ते आपल्याकडे होतातच. फेब्रुवारीत काढणीला हात लागणार असतील तर मी येतो. पहाटे चारला उठायची सवय आहे.

बरडवाट
२६ डिसेंबर, रात्री ९.१५

काका, नक्की या. आज सकाळीच सासऱ्यांचा फोन आला, तिसऱ्या ओळीत पहिला जांभळा मणी दिसलाय. उद्यापासून पाणी कमी. तारीख ठरली की व्यनि करतो, आदल्या रात्री ठाण्याहून माझ्याच गाडीने जाऊ.